काजू कारखान्यासाठी सॉफ्टवेअर: जोडणारं नको, फोडणारं बघा

प्रश्न थोडक्यात असा. कुडाळच्या औद्योगिक वसाहतीत काजू प्रक्रियेचा कारखाना आहे. रोज साधारण एक टन बी फुटते. एप्रिल-मेमध्ये शेजारच्या शेडमध्ये हापूसचा पल्पही निघतो. सत्तर माणसं, त्यात बहुतेक सोलणाऱ्या आणि निवडणाऱ्या बायका. हिशेब टॅलीवर, बाकी सगळं वह्यांत आणि एक्सेलमध्ये. तीन विक्रेत्यांनी डेमो दिले, तिघांचेही पडदे देखणे होते. उत्पादन सांभाळायला यातलं कुठलं घ्यावं?

डेमोत तुम्हाला बहुधा सायकल किंवा पंखा बनवून दाखवला असेल. चार सुटे भाग निवडले, त्यांची यादी बांधली, ऑर्डर सोडली, शेवटी एक तयार वस्तू गोदामात जमा. बाजारातली बरीच सॉफ्टवेअर अशा जोडणाऱ्या कारखान्यांसाठी लिहिली गेली आहेत. त्यांच्या पोटातली मूळ कल्पनाच ‘अनेकातून एक’ ही आहे. तुमचं काम बरोबर उलट आहे. एक पोतं आत जातं आणि अख्ख्या गराच्या आकाराप्रमाणे डब्ल्यू-१८०, २१०, २४०, ३२०, ४५० या प्रती, पाकळी, तुकडा, कणी, टरफल, साल आणि रिजेक्ट एवढं सगळं बाहेर पडतं. त्यातलं काय किती निघेल हे बी फुटेपर्यंत कोणालाच माहीत नसतं. म्हणून पहिली चाळणी हीच लावा: हे सॉफ्टवेअर फोडतं का? पडद्यांचे रंग, मोबाइल ॲप, आलेख हे सगळं त्यानंतर.

आधी एक गोंधळ दूर करू. विक्रेते ईआरपी (खरेदी-विक्री-हिशेब सांभाळणारं), एमईएस आणि एमओएम (फ्लोअरवरचं उत्पादन सांभाळणारं) हे शब्द एकमेकांच्या जागी सर्रास वापरतात. आयएसए-९५ या मानकात कारखान्याचे थर मांडले आहेत. सगळ्यात वर खरेदी-विक्री-हिशेब, म्हणजे चौथा थर. तळाला यंत्रं, सेन्सर आणि त्यांचं नियंत्रण. मधला तिसरा थर म्हणजे आज कुठला लॉट कुठे आहे, कोणी किती सोललं, कुठला माल तपासणीसाठी अडवला आहे. तुमची अडचण या तिसऱ्या थरात आहे. टॅली चौथ्या थरात नीट चालली आहे, तिला हात लावायचं कारण नाही. जो विक्रेता ‘आधी टॅली काढून टाका’ म्हणतो, तो तुमची अडचण न ऐकता आपला माल विकतो आहे.

आता फोडण्याची परीक्षा. विक्रेत्याच्या नमुना डेटावर डेमो बघू नका. तुमच्याच वहीतला गेल्या हंगामातला एक पूर्ण झालेला लॉट द्या आणि तो तुमच्यासमोर पहिल्या पोत्यापासून शेवटच्या डब्यापर्यंत चालवायला सांगा. आकडे समजा असे आहेत:

बी १,००० किलो. कटिंगनंतर सालीसकट ओलसर गर ३१० किलो, टरफल ६८०, खराब बी आणि घट १०. बोरम्यातून, म्हणजे गर सुकवायच्या भट्टीतून, निघाल्यावर गर २९०, बाकी २० ओलावा. सोलल्यावर पांढरा गर २५८, साल २४, रिजेक्ट ६, घट २. निवडीनंतर अख्खा १८१, पाकळी ४६, तुकडा २७, कणी ४.

प्रत्येक टप्प्यावर आत गेलेलं आणि बाहेर आलेलं वजन जुळलं पाहिजे, आणि जे जुळत नाही त्याला नाव असलं पाहिजे: ओलावा, साल, घट. ‘वेस्टेज’ नावाच्या एकाच खड्ड्यात सगळं ढकलणारं सॉफ्टवेअर असेल, तर चोरी, ओलावा आणि वजनकाट्याची चूक या तिन्ही गोष्टी वर्षभर एकाच आकड्यात लपून राहतील.

ओलाव्याचा हिशेब तर बहुतेकांना जमतच नाही. १२ टक्के ओलाव्याची १,००० किलो बी घेतली आणि अंगणात सुकवून ८.५ टक्क्यांवर आणली, तर त्यात कोरडा भाग ८८० किलोच राहतो. ८८० भागिले ०.९१५ म्हणजे सुमारे ९६२ किलो. ३८ किलो हवेत गेले, कोणी नेले नाहीत. सॉफ्टवेअरला ओलाव्याची नोंद घेऊन हे आपोआप काढता आलं पाहिजे. नाहीतर गोदामवाला दर आठवड्याला ‘स्टॉक ॲडजस्टमेंट’ मारत बसतो, आणि ती सवय एकदा लागली की साठ्याच्या आकड्याला काही अर्थ उरत नाही. खरेदीच्या वेळचा आउटटर्न, म्हणजे ८० किलोच्या पोत्यातून किती पौंड गर निघेल याचा अंदाज, तोही त्याच पडद्यावर हवा. एक किलो नमुना फोडला, चांगला गर २६२ ग्रॅम, डागी २० ग्रॅम. डागीचा निम्मा धरून २७२. त्याला ८० ने गुणून ४५३.६ ने भागलं की ८० किलोच्या पोत्याला साधारण ४८ पौंड. हा खरेदीचा आउटटर्न आणि लॉट संपल्यावर खरा निघालेला उतारा शेजारी शेजारी दिसला, की कुठल्या व्यापाऱ्याची बी परवडते आणि कुठल्या गावची नुसती दिसायला मोठी आहे, हे एका हंगामात कळतं. सगळ्या सॉफ्टवेअरमधून एकच अहवाल मागायचा असेल तर हा मागा.

पुढची परीक्षा मागे वळण्याची. सोललेल्या मालात साल चिकटलेले गर राहतात, ते पुन्हा बोरम्यात जातात. निवडीत २४० मध्ये पडलेला माल पॅकिंगला ३२० ठरतो. बोरम्याच्या एका ट्रॉलीत दोन लॉटचे उरलेले ट्रे एकत्र जातात. वहीत हे सगळं एका बाणाने दाखवता येतं. सॉफ्टवेअरमध्ये पुनर्प्रक्रिया आणि लॉट मिसळणं या दोन गोष्टी मुळात नसतील, तर मुकादम खोटी नोंद करायला शिकतो. त्यात त्याचा दोष नाही, खरी नोंद करायला जागाच ठेवलेली नसते. विक्रेत्याला सांगा, ‘७ नंबरच्या लॉटचे १८ किलो आणि ८ नंबरचे ११ किलो एकत्र बोरम्यात घाला, बाहेर २७ किलो काढा आणि आता ७ नंबरचा उतारा दाखवा.’ इथे अनेक डेमो अडकतात.

तिसरी परीक्षा खर्चाची, आणि नफ्या-तोट्याचे निर्णय इथेच चुकतात. समजा वरच्या लॉटचा सगळा खर्च, बी आणि मजुरी धरून, १,८०,००० रुपये. २५८ किलोंवर सरसकट वाटला तर किलोला ६९८ पडतात. समजण्यासाठी भाव धरू: अख्खा ९००, पाकळी ७२०, तुकडा ६००, कणी ३५०. सॉफ्टवेअर सांगेल की तुकड्यावर किलोमागे ९८ रुपये तोटा आहे. मग कोणीतरी शहाणा म्हणेल, ‘तुकडा विकणंच बंद करू.’ पण तुकडा कोणी मुद्दाम बनवत नाही, तो अख्ख्याबरोबर निघतोच. खर्च वाटायचा तो विक्रीमूल्याच्या प्रमाणात. सगळ्या मालाचं विक्रीमूल्य २,१३,६२० होतं, म्हणजे दर रुपया विक्रीमागे सुमारे ८४ पैसे खर्च. मग तुकड्याचा खर्च किलोला ५०६ येतो आणि तुकडाही नफ्यात दिसतो. ओडू या सॉफ्टवेअरमध्ये उपउत्पादनांना खर्चाचा टक्का ठरवून देण्याची सोय आहे. ईआरपीनेक्स्टमध्ये एका मालाचे अनेक माल करण्यासाठी ‘रीपॅक’ नोंद आहे, पण मूल्याची वाटणी तुमच्या पद्धतीने होते का, ते प्रत्यक्ष नोंद टाकूनच बघा. आणि टक्का कायमचा ठरवून ठेवू नका. भाव महिन्याला हलतात, तो तक्ता बदलायचा अधिकार हिशेबनिसाकडे असू द्या.

चौथी परीक्षा माग काढण्याची. एका डब्याचा नंबर द्या आणि त्यात कुठल्या खरेदी-पावत्यांची बी आहे ते विचारा. मग उलट, एक पावती द्या आणि तिची बी कुठल्या गिऱ्हाइकाकडे गेली ते विचारा. खाद्यपदार्थ परत बोलावण्याच्या पद्धतीबद्दल एफएसएसएआयचे, म्हणजे केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाचे, २०१७ चे विनियम आहेत. निर्यातीचं गिऱ्हाईक बीआरसीजीएस हे अन्नसुरक्षेचं प्रमाणपत्र मागत असेल, तर तिथे हा माग ४ तासांत निघायला हवा. सॉफ्टवेअरला याला दोन मिनिटं लागावीत. इथे एक कोकणी गुंता आहे. एकेका लॉटमध्ये चाळीस-पन्नास शेतकऱ्यांची थोडी थोडी बी असते, कोणाची दोन पोती, कोणाची अर्धं. म्हणून खरेदी-पावती आणि लॉट यांचं नातं ‘अनेक-ते-एक’ असं ठेवता आलं पाहिजे. वेंगुर्ला काजूला भौगोलिक मानांकन आहे, हापूसलाही २०१८ पासून आहे. ते नाव डब्यावर छापायचं असेल, तर बाहेरून आलेली आफ्रिकन बी आणि इथली बी साठ्यात एका कोडखाली असून चालणार नाही. दोन वेगळे माल, दोन वेगळे कोड, आणि त्यांचे लॉट मिसळायला गेलं तर सॉफ्टवेअरने अडवलं पाहिजे.

एवढं झालं की कागद बाजूला ठेवून फ्लोअरवर चला, कारण निम्मी सॉफ्टवेअर तिथे मरतात.

कटिंगवरच्या बोटांना टरफलाचं तेल लागलेलं असतं. ते त्वचा भाजतं आणि जिथे लागेल तिथे काळं करतं. अशा हातांनी कोणी टचस्क्रीन वापरणार नाही, वापरली तर ती महिन्यात खराब होईल. कटिंगच्या ठिकाणी पडदा नकोच. ट्रे वजनकाट्यावर ठेवायचा, मुकादमाने स्कॅन करायचं, वजन काट्यावरून थेट उचललं गेलं पाहिजे. नवा काटा घेताना आरएस-२३२ आउटपुट, म्हणजे वजन केबलने संगणकाकडे पाठवायची सोय, असलेलाच घ्या. ही केबल साधारण १५ मीटरपर्यंत भरवशाची, त्यापुढे इथरनेट कन्व्हर्टर लावा. आकडा हाताने टाकायची सोय ठेवा, पण हाताने टाकलेला आकडा अहवालात वेगळ्या रंगात दिसू दे. महिनाभर तो रंग बघितला की कुठला काटा बिघडलाय आणि कुठला माणूस कंटाळलाय ते कळतं.

लेबलांचं मात्र नीट समजून घ्या. साध्या थर्मल प्रिंटरचा कागद उष्णतेने काळा होतो, त्याचं छापण्याचं तंत्रच ते आहे. बोरमा ६५ ते ७५ अंशांवर सहा-आठ तास चालतो. त्यात असं लेबल गेलं की बारकोड वाचायच्या लायकीचा राहत नाही, आणि लॉटची ओळख नेमकी तिथे हरवते जिथे लॉट मिसळायची शक्यता सगळ्यात जास्त असते. बोरम्यात जाणाऱ्या ट्रॉलीला क्यूआर कोरलेला स्टीलचा बिल्ला कायमचा अडकवा आणि सॉफ्टवेअरमध्ये ट्रॉली-लॉट जोडी बांधा. पॅकिंगच्या डब्यांना रिबनवर छापलेलं पॉलिस्टरचं लेबल. विक्रेत्याला ‘ट्रॉलीला लॉट बांधता येतो का’ हे विचारा. तो ‘दर वेळी नवं लेबल छापा’ म्हणाला, तर त्याने बोरमा पाहिलेला नाही.

सोलणीची मजुरी किलोवर असते. तेव्हा मजुरीचं वजन आणि उत्पादनाचं वजन ही एकच नोंद असू द्या. दोन वेगळ्या वह्या ठेवल्या की शनिवारी भांडण ठरलेलं. नोंदीत अख्खा आणि फुटका वेगळा धरा, कारण नुसत्या किलोवर पैसे दिले की हात भरभर चालतो आणि फूट वाढते. आणि एक मत, कोणाला पटो न पटो: बायकांची नावं क्रमाने लावणारा टीव्ही भिंतीवर लावू नका. विक्रेते तो आवर्जून दाखवतात. पहिल्या आठवड्यात गंमत वाटते, तिसऱ्या आठवड्यात एकीचा ट्रे दुसरीच्या नावावर चढायला लागतो आणि तुमची आकडेवारी गेली.

ओईई, म्हणजे यंत्र किती वेळ चाललं, किती वेगाने चाललं आणि किती माल चांगला निघाला या तिन्हींचा मिळून टक्का, तुमच्या कारखान्यात ऑटो कटिंग आणि बॉयलर सोडून कुठेच फारसा कामाचा नाही. त्यासाठी जादा पैसे मोजू नका. लोटे-परशुराम किंवा महाडच्या रासायनिक कारखान्याला हेच उत्तर वेगळं द्यावं लागेल. तिथे रिॲक्टरमधल्या बॅचची पाककृती, डीसीएसशी (यंत्रांचं संगणकीय नियंत्रण) जोडणी आणि इलेक्ट्रॉनिक बॅच रेकॉर्ड आधी येतात, निवडीची सुरुवात आयएसए-८८ या बॅच-उत्पादनाच्या मानकापासून होते.

पल्पचा भाग लहान आहे पण एक गोष्ट अनिवार्य: ‘होल्ड’. डबा सील झाला म्हणजे विकायला मोकळा झाला असं नाही. ब्रिक्स (साखरेचं प्रमाण), आम्लता, उष्णतेच्या प्रक्रियेची वेळ-तापमान नोंद आणि नमुना डब्यांची निरीक्षणाची मुदत हे सगळं गुणवत्ता विभागाने ‘मोकळं’ केल्याशिवाय त्या लॉटची डिलिव्हरी चलन निघताच कामा नये. चलन निघतं आणि फक्त लाल इशारा येतो, असं असेल तर ते होल्ड नव्हे. सहा-आठ आठवड्यांच्या हंगामात रात्री दोन वाजता ट्रक उभा असताना लाल इशारा कोणी वाचत नाही.

आता वीज आणि नेटवर्क. विक्रेता ‘क्लाउडवर आहे, काळजी नको’ म्हणेल. जून २०२० मध्ये निसर्ग आणि मे २०२१ मध्ये तौक्ते चक्रीवादळाने कोकणात वीज आणि मोबाइल दोन्ही कसे आडवे केले, ते सगळ्यांना आठवत असेल. वादळ सोडा, आषाढातला एक बरा पाऊसही पुरतो. म्हणून वजनाची नोंद इंटरनेटशिवाय त्याच जागेवर साठली पाहिजे आणि जोडणी आल्यावर क्रमाने वर गेली पाहिजे, वेळेच्या शिक्क्यासकट. याची परीक्षा सोपी आहे: डेमो चालू असताना राउटर बंद करा, दहा ट्रे तोला, राउटर चालू करा, दहाच्या दहा नोंदी एकेकदाच आल्या का ते मोजा. बारा आल्या तर ते शून्य आल्यापेक्षा वाईट. सर्व्हर कारखान्यातच ठेवणार असाल तर माळ्यावर ठेवा. जुलै २०२१ मध्ये चिपळूण बुडालं तेव्हा तळमजल्यावरचं काहीच वाचत नव्हतं. एक बॅकअप कारखान्याबाहेर, आणि दर महिन्याला त्यातून एक लॉट परत उघडून बघा. न उघडलेला बॅकअप असून नसल्यासारखा. खारी, दमट हवा उघड्या कनेक्टरना खाते, तेव्हा फ्लोअरवरच्या उपकरणांचे डबे आयपी-६५ दर्जाचे, म्हणजे धूळ आणि पाण्याचा फवारा आत न घेणारे घ्या.

मग घ्यायचं कुठलं? सीमेन्सचं ऑपसेंटर किंवा दसॉचं अप्रिसो यांसारखी मोठी सॉफ्टवेअर सत्तर माणसांच्या कारखान्याला म्हणजे होडीला जहाजाचं इंजिन. त्यांची किंमत सोडा, ती चालवायलाच एक वेगळा माणूस लागेल. नुसत्या एक्सेलवर आणखी दोन वर्षं काढणं शक्य आहे, पण गिऱ्हाइकाने माग मागितला की ते कोसळेल. तुमच्या आकाराला माझा कौल असा: ईआरपीनेक्स्ट किंवा ओडू यांच्यासारखा पाया, त्यावर वजनकाट्याचं छोटं ऑफलाइन ॲप, आणि टॅली जशीच्या तशी. रोज संध्याकाळी वापर आणि उत्पादनाची एकत्र नोंद टॅलीत जाईल, एवढीच जोडणी पहिल्या वर्षी पुरे. खाद्यप्रक्रियेसाठीच बनवलेलं एखादं देशी सॉफ्टवेअर वरच्या चारही परीक्षांत उतरलं, तर ते याहून बरं, कारण कमी फिरवाफिरव करावी लागेल. ओडूबाबत एक लक्षात ठेवा, गुणवत्ता आणि बारकोडची अधिकृत मोड्यूल्स पैसे भरण्याच्या आवृत्तीत आहेत, फुकटच्या आवृत्तीत नाहीत. कोटेशन कुठल्या आवृत्तीचं आहे ते लिहून घ्या.

खरी निवड सॉफ्टवेअरपेक्षा बसवणाऱ्या माणसाची असते. बोरमा चालू असताना रात्री साडेअकराला फोन कोण उचलेल? तो कोल्हापूरचा असेल तर पावसाळ्यात घाट बंद पडल्यावर तो येणार कसा? पडवे-वेंगुर्ल्याकडचा एखादा जुना काजू-प्रक्रियादार त्याचा गिऱ्हाईक आहे का? असेल तर विक्रेत्याला सोबत न घेता तिथे जा, आणि मालकाला नव्हे, वजन घेणाऱ्या माणसाला विचारा.

करारात चार ओळी स्वतःच्या हाताने घाला. वापरकर्त्यामागे लायसन्स नको, यंत्रामागे हवं, कारण एका काट्यावर तीन पाळ्यांत सहा माणसं येतात. माणसाची ओळख कार्डाने किंवा पिनने. सगळा डेटा, लॉटच्या नात्यांसकट, आपल्याला हवा तेव्हा सीएसव्हीमध्ये (एक्सेलमध्ये उघडणारी साधी फाइल) काढता आला पाहिजे, आणि ते सही करण्याआधी करून दाखवलं पाहिजे. वार्षिक देखभाल साधारण १५ ते २० टक्के मागतात. ती कशाच्या किमतीवर, लायसन्सच्या की एकूण बिलाच्या, हे स्पष्ट लिहा. शेवटचा ३० टक्के हप्ता तीन लॉट पूर्ण चालून वजनं जुळल्यावरच.

वेळापत्रक बाहेरून आलेला माणूस हमखास चुकवतो. एप्रिलमध्ये सुरुवात केली तर पल्प आणि नवी बी यांच्या गर्दीत कोणालाही शिकायला वेळ नाही. जुलैत भातलावणीला निम्म्या बायका शेतात. म्हणून मालाचे कोड, टप्पे, घटीची नावं हे टेबलावरचं काम पावसाळ्याच्या सुरुवातीला उरका. लावणी आटपली की श्रावणात फक्त कटिंग आणि बोरमा या दोन टप्प्यांवर चालू करा. गणपतीत सगळं बंदच. ते झाले की सोलणी, निवड, पॅकिंग. नव्या बीच्या आधी, जानेवारीपर्यंत, खर्चाचे अहवाल. वही तोपर्यंत समांतर चालू दे. लागोपाठ पाच लॉटमध्ये वही आणि सॉफ्टवेअर यांच्यातला फरक अर्ध्या टक्क्याच्या आत राहिला, की सहाव्या लॉटला वही कपाटात ठेवून कुलूप लावा. दोन्ही तशाच चालू राहिल्या तर लोक भरतील वही, आणि सॉफ्टवेअरमध्ये रात्री वहीतूनच उतरवलं जाईल.